गवत की टर्फ? आधी मैदान आठवड्याला किती तास तुडवलं जाणार ते सांगा

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. एक, २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी निवडलेल्या १६ स्टेडियमांपैकी ८ ठिकाणी कृत्रिम टर्फ होतं आणि फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, तिथे गवत बसवायला लावलं. हीच फिफा टर्फला प्रमाणपत्रं वाटते, मग हा दुटप्पीपणा नाही का? आणि दोन, तुमच्या तालुक्याच्या मैदानावर आमदार निधीतून टर्फ टाकायचं घाटतंय, तर मोठ्यांनी नाकारलेला माल तुमच्या गळ्यात मारला जातोय का?

पहिल्याचं उत्तर: थोडासा आहे. दुसऱ्याचं: नाही, पण निविदा नीट वाचा. आता सविस्तर.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला क्लब घरच्या मैदानावर लीगचे १९ सामने खेळतो. चषकाचे, युरोपातले धरले तर २५-३०. म्हणजे वर्षाला फार तर ४५ तास खेळ. सराव मुख्य मैदानावर होतच नाही, त्याला वेगळी मैदानं असतात. तुमच्या मैदानावर सकाळी दोन तास पोरं आणि संध्याकाळी तीन तास मोठे खेळत असतील, तर तेवढेच ४५ तास नऊ दिवसांत भरतात. गवत जिवंत आहे, त्याला भरून यायला वेळ लागतो. कुठल्याही रोज वापरल्या जाणाऱ्या मैदानावर जाऊन बघा. आधी गोलपोस्टसमोरचा पट्टा उघडा पडतो, मग मधलं वर्तुळ, आणि मग टचलाइनच्या, म्हणजे लांबीच्या सीमारेषेच्या, कडेला एक अरुंद पायवाट. ती पायवाट एका बाजूला डाव्या अर्ध्यात आणि समोरच्या बाजूला उजव्या अर्ध्यात असते, कारण प्रत्येक लाइनमन आपापल्या अर्ध्यातच धावतो. अनुभवी ग्राउंड्समन या पायवाटेवरून मैदान किती दमलंय ते ओळखतो.

म्हणून 'कोणतं चांगलं' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. व्यावसायिक स्टेडियमपुरतं बोलायचं तर माझं मत ठाम आहे: गवत. कारण सांगतो.

पूर्ण वेगात धावणारा खेळाडू एका पायावर वळतो तेव्हा बुटाचे स्टड, म्हणजे तळाचे खुंट, जमिनीत रुतलेले असतात आणि अंगाचं सगळं वजन गुडघ्यातून फिरतं. गवतावर ताण हाताबाहेर गेला की जमीन हार मानते. मुळांसकट ढेकूळ उपटतं, पाय सुटतो, खेळाडू आपटतो, उठतो, ढेकूळ पायाने दाबून पुढे जातो. टर्फचं कापड उपटत नाही. स्टड सुटला तर ठीक, नाही सुटला तर घोट्याला किंवा गुडघ्याला सुटावं लागतं. खेळाडू टर्फच्या नावाने बोटं मोडतात त्यामागे मुख्यतः हे आहे. फ्रान्सचा थिएरी ऑन्री अमेरिकेत खेळत असताना टर्फवरचे बरेच सामने टाळायचा, ते काही नखरे म्हणून नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. २००६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये युरोपातल्या वरच्या दर्जाच्या क्लबांचा अभ्यास आला होता. त्यात टर्फवर एकूण दुखापती जास्त आढळल्या नाहीत. सामन्यांत घोटा मुरगळण्याचं प्रमाण तेवढं जास्त होतं. त्यामुळे 'टर्फ म्हणजे गुडघा गेलाच' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलावू नका. हलक्या प्रतीचं किंवा जुनं, दबून कडक झालेलं टर्फ आणि उत्तम टर्फ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तो फरक कळायला इंग्लंडचा जुना किस्सा बघा. १९८१ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने लॉफ्टस रोड या आपल्या मैदानावर प्लास्टिक अंथरलं. पुढे ल्युटन, ओल्डहॅम आणि प्रेस्टननेही तेच केलं. आखूड धाग्याचं कार्पेट, त्यात वाळू, खाली कडक थर. टप्पा पडलेला चेंडू डोक्यावरून जायचा, घसरून टॅकल केलं की मांडीची सालटी निघायची. घरच्या संघाला सवय आणि पाहुण्यांची फजिती. ओल्डहॅमने त्याच मैदानाच्या जोरावर भल्याभल्यांना हरवलं, १९९१ मध्ये वरच्या विभागात पोहोचले आणि तिथे चालत नाही म्हणून प्लास्टिक काढावं लागलं. शेवटचं प्रेस्टनचं, १९९४ मध्ये निघालं. इंग्रजांच्या मनातली अढी तिथली आहे.

आजचं तिसऱ्या पिढीचं टर्फ, ज्याला थ्री-जी म्हणतात, ते वेगळं प्रकरण आहे. पाच-सहा सेंटिमीटर लांब धागे, त्यांच्यात खाली वाळू आणि वर रबराचे काळे दाणे, शिवाय चांगल्या कामात सगळ्याखाली धक्का शोषणारं पॅड. २००४ पासून खेळाच्या नियमांतच कृत्रिम पृष्ठभागाला जागा आहे, फक्त रंग हिरवा हवा. फिफाच्या चाचण्या बऱ्यापैकी काटेकोर आहेत. वरच्या दर्जासाठी दोन मीटरवरून सोडलेला चेंडू ६० ते ८५ सेंटिमीटरच उसळला पाहिजे. चेंडू किती घरंगळतो, स्टड फिरवायला किती जोर लागतो, धक्का किती टक्के शोषला जातो, सगळं यंत्राने मोजतात. पुण्या-मुंबईत तासावर भाड्याने मिळणारी जाळीतली टर्फं आणि हे एकच समजू नका. तिथल्या बहुतेकांवर दाणे जेमतेम असतात, आणि जे असतात ते रात्री मोज्यांतून घरी येतात.

मग इतकं सुधारलेलं असूनही मोठे का नको म्हणतात? एक कारण ऊन. गवत पाणी बाहेर टाकतं म्हणून थंड राहतं. प्लास्टिक आणि काळं रबर तापतच जातं. कडक उन्हात पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या पुढे सहज जातो. पाणी मारलं तर थोडा वेळ उतरतो, मग पुन्हा तेच. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात झाला तो अख्खा टर्फवर. अमेरिकेची ॲबी वॉम्बॅक आणि इतर नामांकित खेळाडूंनी त्याआधी ओंटारिओच्या मानवाधिकार न्यायाधिकरणात तक्रार केली होती: पुरुषांचा विश्वचषक तुम्ही कधी पूर्ण टर्फवर खेळवला नाहीत, मग आमचाच का? तक्रार २०१५ च्या जानेवारीत मागे घेतली गेली आणि स्पर्धा टर्फवरच झाली. तुम्ही म्हणता तो दुटप्पीपणा मला इथे दिसतो. त्याच व्हँकुव्हरच्या स्टेडियममध्ये, जिथे महिलांची अंतिम लढत प्लास्टिकवर झाली, २०२६ साठी मात्र गवत बसवायचं ठरलं.

दुसरं कारण स्पर्धेचा समतोल. नेदरलँड्समध्ये लहान क्लबांनी खर्च वाचतो म्हणून टर्फ घेतलं, मोठ्यांनी कुरकुर केली, आणि २०२५-२६ च्या मोसमापासून वरच्या विभागात ते बंद झालं. स्कॉटलंडच्या क्लबांनीही असाच निर्णय घेतला. उत्तर नॉर्वेतल्या बोडो/ग्लिम्ट क्लबचं मात्र मला मनापासून कौतुक आहे. ध्रुववृत्ताच्या आत गाव, हिवाळ्यात दिवसच उगवल्यासारखा वाटत नाही, तिथे गवत वाढवणार कसं? त्यांनी २०२१ मध्ये आपल्या टर्फवर प्रशिक्षक मोरिन्होच्या रोमाला ६-१ ने लोळवलं. तेव्हा सगळं श्रेय टर्फला देणारे बरेच निघाले. २०२५ च्या युरोपा लीग उपांत्य फेरीत इंग्लंडचं टॉटनहॅम त्याच टर्फवर येऊन २-० ने जिंकून गेलं, तेव्हा ते गप्प होते.

रबराच्या दाण्यांचा मुद्दा पटकन. जुन्या टायरांचा भुगा असल्यामुळे कर्करोगाची भीती पसरली. युरोपीय रसायन संस्थेने २०१७ मध्ये तपासून धोका अत्यल्प असल्याचं सांगितलं. पण ते दाणे गटारात, नदीत, समुद्रात जातात, म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. या दाण्यांची विक्री तिथे २०३१ मध्ये थांबणार आहे. म्हणजे टर्फ बंद नाही, भराव बदलणार: नारळाचा काथ्या, बुचाचा भुगा वगैरे.

आता गवताच्या भक्तांसाठी एक कडू घोट. टीव्हीवर जे 'नैसर्गिक' गवत दिसतं ते कितपत नैसर्गिक आहे? लंडनचं नवं वेम्बली स्टेडियम २००७ मध्ये उघडलं आणि पहिल्या तीन वर्षांत तिथलं गवत दहाएक वेळा बदलावं लागलं. उंच स्टँड, कमी ऊन, कमी वारा, त्यात मैफिली. शेवटी २०१० मध्ये हायब्रिड केलं: यंत्राने दर दोन सेंटिमीटरवर एक प्लास्टिकचा धागा जमिनीत वीस सेंटिमीटर खोल शिवायचा आणि गवताची मुळं त्याभोवती गुंफू द्यायची. पृष्ठभागावर प्लास्टिक जेमतेम तीन ते पाच टक्के, पण ढेकूळ सहजासहजी उपटत नाही. आता बहुतेक मोठी स्टेडियमं अशीच आहेत. वरून दिव्यांच्या गाड्या रात्रभर फिरतात, खालून गरम पाण्याचे पाइप. टॉटनहॅमच्या स्टेडियममध्ये गवताचं मैदान तीन तुकड्यांत सरकून स्टँडखाली जातं आणि खाली अमेरिकन फुटबॉलसाठी टर्फ असतं. माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियममध्ये ते सहा पट्ट्यांत जमिनीखालच्या तळघरात उतरतं. हा अतिदक्षता विभागातला रुग्ण आहे, आणि त्याचं बिल भरायची ऐपत असणाऱ्यांनाच तो परवडतो.

ऐपत असूनही घाई केली तर काय होतं ते २०२४ च्या कोपा अमेरिकेत दिसलं. अटलांटाच्या स्टेडियममध्ये टर्फवर घाईने गवताच्या गुंडाळ्या टाकल्या. अर्जेंटिनाने कॅनडाला २-० ने हरवलं, तरी प्रशिक्षक स्कालोनी आणि गोलकीपर मार्टिनेझ दोघेही सामन्यानंतर मैदानावर तुटून पडले. हरलेला संघ बोलला असता तर रडीचा डाव म्हणून सोडून दिलं असतं. २०२६ साठी फिफाने टेनेसी आणि मिशिगन स्टेट विद्यापीठांतल्या गवततज्ज्ञांना हाताशी धरलं ते उगाच नाही. मिशिगनवाल्यांनी १९९४ च्या विश्वचषकात डेट्रॉइटजवळच्या बंद छताच्या सिल्व्हरडोममध्ये षटकोनी ट्रेमधून गवत आणून बसवलं होतं. आताची युक्ती म्हणजे वाळूच्या पातळ थरात, खाली प्लास्टिकची शीट घालून गवत वाढवायचं. मुळं खाली जाऊ शकत नाहीत, आडवी पसरून एकमेकांत गुंततात, आणि उचलताना एकही मूळ कापावं लागत नाही.

आपल्याकडचं उदाहरण कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. २०११ मध्ये तिथे टर्फ आलं. त्याच वर्षी मेस्सीचा अर्जेंटिना व्हेनेझुएलाशी तिथे खेळला, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पहिला सामना तिथेच झाला. पाऊस पडला तरी सामना होतो, आज एका क्लबचा आणि उद्या दुसऱ्याचा ठेवता येतो, हा फायदा खरा होता. पण २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी ते काढून बर्म्युडा गवत लावलं आणि अंतिम सामना, इंग्लंड ५ स्पेन २, त्यावर झाला. हे बर्म्युडा काही परदेशी लाडकं बाळ नव्हे. आपल्या शेतात शेतकऱ्याला रडवणारी हरळी त्याच जातीची. ऊन सोसते, आडवी पसरते, तुडवली तरी उगवते. कोकण-गोव्यापासून बंगालपर्यंत व्यावसायिक मैदानासाठी हवामान आपल्या बाजूने आहे, ते बोडोवाल्यांना विचारा. आपल्याकडे अडतं ते निचऱ्यापाशी: पावसाळ्यात पाणी साचलं की हरळीसुद्धा कुजते आणि उरतो चिखल.

उलट मिझोरमचं ऐजॉल बघा. डोंगराळ मुलूख, धो-धो पाऊस, सपाट जागा मोजकी, त्यामुळे एका मैदानावर सगळ्या गावाचा भार. टर्फवर वाढलेला हा संघ २०१७ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेचा विजेता झाला आणि निर्णायक सामना शिलाँगला, तोही टर्फवरच. मुंबईचं कूपरेज आणि म्हापशाचं दुलेर या मैदानांवर टर्फ आलं त्यामागेही सामन्यांची गर्दी आणि पाऊसच.

तर तुमचं तालुक्याचं मैदान. रोज पाच तास खेळ, शाळांच्या स्पर्धा, मे महिन्यात उन्हाळी शिबिर, आणि माळी एकच, तोही नगरपरिषदेच्या बागेतून उसना, असं असेल तर टर्फ घ्या. वर्षातून मोजक्या स्पर्धा होत असतील आणि पाण्याची सोय असेल तर हरळी लावा, निचऱ्यावर खर्च करा आणि ते मैदान सरावाला देऊ नका. हे शेवटचं पाळणं सर्वांत अवघड, कारण कुलूप लावलं की पहिला फोन नगरसेवकाचा येतो.

टर्फ घेतलंत तर उन्हाळ्यात सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मैदान बंद ठेवा आणि लांब स्टडचे बूट आत येऊ देऊ नका. दर आठवड्याला ब्रश फिरवायला आणि गोलसमोर दाणे भरायला माणूस लागतो, त्याचा पगार आत्ताच अंदाजपत्रकात घाला. आठ-दहा वर्षांनी कापड बदलावं लागणार, त्याचे पैसे कुठून येणार हेही लेखी घ्या. आणि निविदेत नुसतं 'फिफा दर्जाचं टर्फ' असं लिहिलं असेल तर ते खोडायला लावा. प्रमाणपत्र गुंडाळीला नसतं. अंथरून झालेल्या मैदानाची जागेवर चाचणी झाल्यावर ते त्या मैदानाला मिळतं, वरच्या 'प्रो' दर्जाचं एक वर्षासाठी आणि साध्या 'क्वालिटी'चं तीन वर्षांसाठी. खाली पॅड आहे की नाही ते स्वतंत्र ओळीत मागा, कारण ठेकेदार पहिली कात्री तिथेच लावतो आणि वरून काहीच दिसत नाही. शेवटचा हप्ता चाचणीचा अहवाल हातात आल्यावरच द्या.