जत्रेत जास्त खाल्लं, आता उपास धरू का?

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी ३४ वर्षांची, खानापूर तालुक्यात राहते, शाळेत शिकवते. मोबाईलवर लिहून लिहून दिवसाला १५०० कॅलरीत खायला लागून शंभरेक दिवस झाले, ७१ वरनं ६६ किलोवर आले. मागच्या आठवड्यात माहेरी लक्ष्मीची जत्रा होती, कित्येक वर्षांनी भरलेली, तिथं नको कसं म्हणायचं? मटण, भाकरी, भात झालं, वरनं भावानं बेळगावातनं कुंदा आणला होता, तोही खाल्ले. ॲपवर २६०० झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ६७.४! बोटातली अंगठीसुद्धा निघेना. रडूच आलं मला. मग दिवसभर नुसत्या ताकावर राहिले आणि रात्री दहाला उठून चिरमुऱ्याचा डबा संपवले. सगळी मेहनत वाया गेली का? आता सोमवार-गुरुवार उपास धरू का?

उत्तर: ताई, आधी उपासाचं डोक्यातनं काढा. आणि वाया काही गेलेलं नाही, तुमच्याच आकड्यांवरनं दाखवते.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. शंभर दिवसांत ५ किलो गेले म्हणजे ३८५०० कॅलरी, दिवसाला जवळपास ४००. म्हणजे तुमचं शरीर रोज १९०० च्या आसपास खर्च करतंय आणि तुम्ही १५०० खाताय. आता जत्रेचा आठवडा धरा. सहा दिवसांचे ४०० प्रमाणे २४०० वाचले, जत्रेच्या दिवशी १९०० च्या वर ७०० गेले, तरी १७०० शिल्लक, म्हणजे २२० ग्रॅम चरबी कमीच होते. जत्रा नसती तर ३६० ग्रॅम गेली असती. इतक्या वर्षांनी माहेरच्या पंगतीला बसलात त्याची किंमत १४० ग्रॅम, एवढंच!

मग काट्यावरचे १.४ किलो कुठनं आले? ती सगळी चरबी असती तर एका दिवसात खर्चाच्या वर दहा हजारांहून जास्त कॅलरी खायला लागल्या असत्या. तुमची अंगठीच सांगतेय की ते पाणी आहे, एका रात्रीत बोटाला चरबी चढत नाही हो. रश्शातलं मीठ पाणी धरून ठेवतं. शिवाय भात-भाकरीतली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी बसतं, तुम्ही तीन महिने कमी खात होता त्यामुळं तो साठा कमी झालेला असतो, अशा भरपूर जेवणानं तो परत भरायला लागतो. पोटात जे अजून पचायचंय त्याचंही वजन काट्यावर येतंच की. पाळीच्या आधीही असंच पाणी धरतं, तेव्हाही घाबरू नका. तीन-चार दिवस नेहमीसारखं खा, आपोआप उतरेल.

मला काळजी जत्रेची वाटली नाही, ताकाच्या दिवसाची वाटली. जेवलात ते चारचौघांत, आनंदानं, ताटात वाढून. चिरमुरे खाल्ले ते एकटीनं, अंधारात, डब्यातनं, आणि किती गेले ते ॲपला पण माहीत नाही. एका दिवसाच्या जास्तीला उपासाची शिक्षा दिली की रात्री भूक उसळते, परत जास्त जातं, परत शिक्षा, आणि मग एक दिवस माणूस म्हणतो सोड ते सगळं, असं सोडलेल्या कितीतरी बायका मी बघितल्यात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, तुमचे १५०० पूर्ण खायचे. जत्रेचे २६०० ॲपमधनं पुसू नका, राहू देत. वजन रोज बघत असाल तर आठवड्याची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याशी लावून बघा. घरात कुणाला शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळू नये, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

पुढच्या जत्रेला उपाशी पोटानं जाऊ नका, सकाळी दोन अंडी नाहीतर वाटीभर उसळ खाऊन निघा. बाकी कुंदा खा, बशीत घेऊन, बसून.

प्रश्न: वय २८, उद्यमबागेत कामाला. शरीराचा खर्च दिवसाला २५०० कॅलरींचा आहे, २००० वर राहतो. सोमवार ते शुक्रवार एकदम कडक, शनिवार-रविवार लिहीत नाही. दोन महिने वजन हललंच नाही. कधीतरी जास्त झालं तर चालतंय म्हणतात ना?

उत्तर: कधीतरी चालतंय, पण तुमचं दर आठवड्याला दोन दिवस होतंय. पाच दिवसांत २५०० वाचवता, शनिवार-रविवारी रोज १२५० जास्त गेले की हिशेब शून्य. आणि १२५० जायला फार लागत नाही, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, सावजीच्या तर्रीत तसे चार चमचे सहज असतात, वर बिर्याणी, बिअर असेल तर ती पण धरा.

तुम्ही पाच दिवस फार आवळताय म्हणून शनिवारी सुटताय असं मला वाटतं. सोमवार ते शुक्रवार २२०० खा, डब्यात एक चपाती आणि वाटीभर घट्ट डाळ वाढवा. शनिवार-रविवार मिळून एकच जेवण मनासारखं करा, पण दोन्ही दिवस लिहा आणि २५०० च्या आत ठेवा. आठवड्याला दीडेक हजार वाचतील, दोनशे ग्रॅमच्या आसपास उतरेल. हळू वाटेल, पण दोन महिन्यांत जे शून्य आलंय त्यापेक्षा कितीतरी बरं. पहिला शनिवार जड जाईल, त्या दिवशी दुपारचं जेवण अजिबात चुकवू नका.