कोल्ड रूमला 60 एमएम पॅनल की 100? कर्ज वाढवण्याआधी ते 4160 युनिट तपासा

तुमचा प्रश्न असा की 6 बाय 5 मीटर, 3 मीटर उंच रूम, आत 2 डिग्री, बाहेर वर्षाची सरासरी 27 डिग्री, बारा महिने चालू, आणि पॅनलवाला म्हणतोय 60 एमएमऐवजी 100 एमएम पफ (पॉलियुरेथेन फोम भरलेलं पॅनल) घ्या, वर्षाला 4160 युनिट वाचतील, जादा पैसे तीन वर्षांत वसूल, तर त्यासाठी कर्ज वाढवायचं का?

आधी त्याचा आकडा आला कुठून ते बघू. भिंती 66 आणि छत 30, म्हणजे 96 चौरस मीटर (जमीन दोन्हीकडे सारखीच, ती सोडा). 60 एमएमची यू व्हॅल्यू (एक डिग्री फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते ते) साधारण 0.38, 100 ची 0.23, फरक 0.15. बाहेर 35 धरलं तर तापमानाचा फरक 33. तिन्हींचा गुणाकार 475 वॅट, आणि वर्षाचे 8760 तास लावले की बरोब्बर 4160 युनिट.

पण हे युनिट उष्णतेचे आहेत हो, विजेचे नाहीत! कंप्रेसर एक युनिट वीज खाऊन रूममधली अडीचेक युनिट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे बिलात वाचणार 1660 च्या आसपास. त्यात 35 डिग्री काय वर्षभर रात्रंदिवस नसते, मशीन केवढं घ्यायचं ते ठरवायला ती ठीक आहे पण बिलासाठी सरासरी धरायची, तुम्ही 27 लिहिलीये, म्हणजे फरक 25 चा आणि बचत उरते 1260 युनिट. तीन वर्षांचे झाले दहा, आणि तेही फक्त मुद्दल, व्याज वेगळंच.

त्यामुळे सगळ्या रूमला 100 एमएम, तेही कर्जावर, मी तरी घेणार नाही. छतावर पत्रा तापत असेल तर तिथे फरक 25 पेक्षा बराच जास्त, तेवढं छत जाड घ्या. बाकीचे पैसे चांगला दरवाजा, स्ट्रिप कर्टन (दारात लावायचा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा) आणि सांधे नीट सील करण्यावर घाला, कारण दार सारखं उघडत असेल तर तिथून येणारी गरम दमट हवा पॅनलची सगळी बचत खाऊन टाकते. आणि सांध्यातून ओल आत गेली की पफचा गुणच जातो, मग 100 काय नि 60 काय.

हां, पुढेमागे हीच रूम उणे 18 वर चालवायचा विचार असेल तर माझं उत्तर उलटं. फरक 45 वर जातो, कंप्रेसरही अडीचपट काम देत नाही, आणि उभी झालेली भिंत नंतर जाड करणं महागात पडतं. तसं असेल तर 100 पण कमी पडेल, 150 चं कोटेशन मागवा आणि पॅनलवाल्याकडून बचत विजेच्या युनिटमध्ये लिहून घ्या.