लेकराला गावाकडं बोलावू का?

मनाच्या त्रासासाठी लोक माझ्याकडे येतात. जगात कुठं नव्या विषाणूची बातमी आली की त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. जानेवारी २०२५मध्ये एचएमपीव्हीचं नाव टीव्हीवर झळकलं तेव्हाही तो आला. हा विषाणू २००१ सालीच ओळखला गेलेला आणि बहुतेकांना सर्दी-खोकल्यावर सोडून देणारा. पण बातमी ऐकून ज्याच्या छातीत धस्स होतं, त्याला हे कुठून माहीत असणार? तो विचारतो, "मॅडम, साथ येतेय म्हणतात. तयारीला लागलं तर घरचे भित्रा म्हणतात, गप्प बसलं तर झोप लागत नाही. करावं काय?"

या प्रश्नावर मी मार्च २०२०मधल्या एका ताईंची हकिगत सांगते. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या त्या. लिहायला त्यांची संमती आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मार्चचा तिसरा आठवडा होता. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले होते, ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली होती आणि १५ तारखेला औरंगाबादेत पहिला रुग्ण निघाला होता. परभणी जिल्ह्यात तोवर एकही नव्हता. या ताईंना मात्र दहा दिवसांपासून झोप नव्हती. छातीत धडधड, दम कोंडल्यासारखा, हाताला घाम. गावाजवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो चांगला आला, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठवलं. सोबत आलेले त्यांचे मालक वैतागलेले होते. "घरची ज्वारी आहे, तूर आहे, हरभरा निघालाय. तरी हिनं साखरेचं पोतं आणलं, तेलाचे डबे आणले, वर आणखी आणा म्हणते. दिवसभर टीव्ही अन् मोबाइल. हात तर बघा."

हात बघितले. धुण्याच्या सोड्यानं धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या.

त्या दिवसांत गल्लोगल्ली एकच वाक्य ऐकू येत होतं: घाबरू नका. मी ते वाक्य माझ्या खोलीत वापरत नाही. घाबरलेल्या माणसाला ते सांगितलं की त्याला दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे आपण चुकतोय आणि दुसरी म्हणजे समोरच्याला ऐकायचं नाही. भीती माणसाला काहीतरी विचारत असते. काय विचारतेय ते आधी ऐकावं लागतं, धीर त्यानंतरच धरता येतो. म्हणून मालकांना बाहेर बसायला सांगून मी ताईंना एवढंच विचारलं, "रात्री दोनला जाग येते, तेव्हा डोळ्यांपुढं नेमकं काय दिसतं?"

मला वाटलं होतं त्या दवाखाना सांगतील, नाहीतर मरण. त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या.

"पारापाशी गाडी थांबल्याली दिसती," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू उतरतंय, हातात बॅग हाय, अन् गावातली माणसं त्याला आत येऊ देईनात. मी मधी उभी. मागं आत्याबाई. त्यांना दमा हाय मॅडम. लेकराला घरात घेतलं तर त्यांचं काय, अन् नाही घेतलं तर मी कसली माय? लई भेव वाटायलंय."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला होती. रूमवरची पोरं निघून गेली होती आणि मेस बंद पडण्याच्या बेतात होती. मराठवाड्यातल्या किती घरांत त्या आठवड्यात हाच पेच पडला असेल! लेकरू पुण्या-मुंबईत, म्हातारं माणूस घरात, आणि मध्ये एक बाई, जिच्यावर दोघांचाही भार.

साखरेच्या पोत्याचा उलगडा मला इथं झाला. ताईंची भीती उपासमारीची नव्हतीच. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात मार्चमध्ये धान्य नसतं तर कधी असतं? त्यांच्या भीतीनं विचारलेलं होतं की लेकरू आलं तर त्याला ठेवू कुठं, आणि गावाला सांगू काय. साखर आणून या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं, म्हणून एक पोतं आणल्यावर दुसरं आणावंसं वाटत होतं. हात धुण्याचंही तेच. हात स्वच्छ झाले तरी प्रश्न जागेवरच, म्हणून पुन्हा नळ. अशा वेळी घरची माणसं 'पुरे कर' म्हणतात आणि भांडणं वाढतात. पुरे होणारच नसतं, कारण काम चुकीच्या जागी चाललेलं असतं.

लोक असं का वागतात याचं मला नवल वाटत नाही. १९९४ साली आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचा संशय आला, पाठोपाठ सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला. सुरतेतून लाखो लोक निघून गेले आणि पार दिल्लीपर्यंत औषध दुकानांतून टेट्रासायक्लिन विकत घ्यायला झुंबड उडाली. पळणं किंवा साठवणं, घाबरलेल्या माणसाला आधी हेच दोन रस्ते दिसतात. तिसरा रस्ता बसून शोधावा लागतो.

आधी शरीराचं बघितलं. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात धावतं, श्वास उथळ होतो. बाई म्हणते दम कोंडला, मग ती त्यालाच आजार समजते आणि धडधड आणखी वाढते. त्यांना मी श्वास सोडायला शिकवलं. घेताना मनात तीन मोजायचे, सोडताना सहा. हरभरा निवडताना करा म्हटलं, कारण डोळे मिटून बसलं की त्यांना पार दिसत होता. थोड्या वेळानं धडधड उतरते हे त्यांनी माझ्यासमोरच अनुभवलं. एक मात्र स्पष्ट सांगितलं: ताप असेल, चालताना धाप वाढत असेल, तर श्वास मोजत बसायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

मग मालकांना आत बोलावलं आणि आम्ही तेव्हा ठाऊक असलेल्या गोष्टी एका कागदावर मांडल्या. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेकांना पाच-सहा दिवस लागतात, जास्तीत जास्त चौदा धरायचे. म्हणून बाहेरून आलेला माणूस ठणठणीत दिसला तरी चौदा दिवस वेगळा. विषाणूच्या बाहेरचं आवरण मेदाचं असतं, ते साबणानं फुटतं. वीस सेकंद साधा साबण पुरे, धुण्याचा सोडा नको, कारण भेगाळलेली कातडीच आपलं संरक्षण कमी करते. कोंबडी खाल्ल्यानं हा आजार होतो, हे मोबाइलवर आलेलं खरं नाही. त्या अफवेनं तेव्हा कुक्कुटपालनवाले देशोधडीला लागत होते. प्रत्येक ओळीपुढं आम्ही तारीख टाकली. नवीन आजारात सूचना बदलतात. पुढे एप्रिलमध्ये घरगुती कापडी मास्क सगळ्यांनी वापरावा असं सरकारनं सांगितलं, त्याआधी तसं नव्हतं. तारीख टाकलेली असली की बदललेली सूचना खोटी वाटत नाही, नवीन वाटते.

मुलानं यावं की राहावं, हे मी सांगितलं नाही. ते ठरवणं माझं काम नव्हतं. मी विचारलं, राहिला तर जेवेल कुठं, आणि आला तर झोपेल कुठं? पहिल्याचं उत्तर मुलाला फोन करून मिळालं: मेस दोन दिवसांत बंद होणार होती. दुसऱ्यावर नवरा-बायको दोघंही गप्प झाले. घर माळवदाचं, खोल्या दोन, न्हाणी एकच. तेव्हा मीच म्हटलं, आत्याबाईंना विचारलंत का? ज्यांच्यासाठी एवढा जीव टांगणीला लागला होता, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. म्हातारं माणूस घाबरेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. आत्याबाई घाबरल्या तर नव्हत्याच, उलट चिडल्या होत्या. "माझ्या सासऱ्याच्या तोंडून ऐकलंय म्या," त्या म्हणाल्या होत्या, "गाठीची साथ आली की सारं गाव रानात जायचं, झोपड्या घालून ऱ्हायचं. मग एका पोराला रानात ठिवायला काय झालं? आखाड्यावर बाज हाय, हीर हाय, लाइट हाय."

शेतातला आखाडा, म्हणजे रानातला मुक्कामाचा निवारा! सगळ्यांना रोज दिसणारी जागा, पण भीतीत ती कुणालाच सुचली नव्हती. वयस्क माणसांना बातम्यांपासून लपवून ठेवणारी घरं मी खूप बघते. आजाराचा सगळ्यात जास्त धोका ज्याला, त्यालाच चर्चेतून बाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही. साथी त्यांनी बघितलेल्या किंवा ऐकलेल्या असतात. १९१८च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीच्या, आठवणी आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या तोंडून आलेल्याच आहेत.

जागा मिळाल्यावर बाकीची तयारी एका दुपारची होती. आत्याबाईंच्या दम्याची आणि बीपीची औषधं महिनाभराची आणली. आखाड्यावर वेगळं ताट-तांब्या, साबण, ताप बघायला थर्मामीटर, चार्जर. भिंतीवर कागद लावला. त्यावर आशाताईंचा नंबर, प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर आणि राज्याची १०४ ही हेल्पलाइन. एवढं झाल्यावर मी ताईंना सांगितलं की आता कागदावर शेवटची ओळ लिहा, 'तयारी झाली', आणि आजची तारीख टाका. पुन्हा काही आणावंसं वाटलं तर आधी ती ओळ वाचायची. बातम्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, अंधार पडल्यावर नाही. दोन्ही वेळेला मालकांनी बघायच्या आणि कामाचं असेल तेवढं सांगायचं.

सगळ्यात अवघड होतं गावाला सांगणं. ताईंचा कल लपवण्याकडं होता, रात्रीतून आखाड्यावर नेऊ, कुणाला कळणार आहे? पण लपवलेलं उघडं पडणार या धास्तीत त्यांचे चौदाही दिवस गेले असते. शिवाय गावाचीही भीती खरीच होती. पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकून वेशी बंद केल्या, त्यात दुष्टपणापेक्षा असहायता जास्त होती. म्हणून मुलगा यायच्या आदल्या दिवशी मालक स्वतः सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताईंना भेटले. मुलगा येतोय, गावात पाऊल टाकणार नाही, आखाड्यावर चौदा दिवस राहील, तुम्ही कधीही येऊन लांबून बघा. विचारायच्या आधी सांगितलेल्या माणसावर गाव सहसा उठत नाही. पोलीस पाटलांनी उलट रस्त्यावरून थेट शेताकडं जायची वाट मोकळी ठेवायला सांगितली.

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या आधी मुलगा ट्रॅव्हल्सनं आला. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली, आणि ताईंचं माझ्याकडचं येणं फोनवर आलं. डबा बांधावर ठेवायचा, मागं सरायचं, मग त्यानं उचलायचा. माय-लेक लांबून ओरडून बोलायचे. सहाव्या दिवशी मुलाला खोकला सुरू झाला, आणि ताईंचा रात्री फोन आला. आवाज पुन्हा पहिल्यासारखाच होता. मी विचारलं, "कागदावर आता काय करायचं लिहिलंय?" त्यांनी वाचलं: ताप बघायचा, आशाताईंना फोन. त्यांनी तो केला, सकाळी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी चौकशी केली, ताप नव्हता, धाप नव्हती. शेजारच्या रानात मळणी चालू होती, त्या धुळीचा खोकला निघाला आणि दोन दिवसांत बसला. तो कोरोनाचा निघाला असता तरी पुढची पायरी कागदावर होतीच, आणि मला तीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. हाताच्या भेगा भरायला महिना गेला, कारण जास्तीचं धुणं एकदम थांबत नाही, आम्ही ते हळूहळू कमी केलं. शेजारच्या दोन बायकांनी मुलगा गावात आल्यानंतरही दिवाळीपर्यंत या घरी चहा घेतला नाही. ते ताईंना फार लागलं, अजूनही लागतं. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. आम्ही त्यावर फक्त बोललो, अनेकदा.

तेव्हा, साथीची बातमी ऐकून ज्यांची झोप उडते त्यांना माझं सांगणं असं. तुम्ही करताय ती तयारी कधीतरी संपते का, ते बघा. औषध महिनाभराचं आणलं, झालं. वेगळी झोपायची जागा ठरली, झालं. नंबर भिंतीवर लागले, झालं. संपत असेल तर ती करा, आणि कुणी भित्रं म्हटलं तर म्हणू द्या. संपतच नसेल, एक झालं की लगेच दुसरं हवं वाटत असेल, तर वस्तू आणणं थांबवून स्वतःला विचारा की रात्री डोळ्यांपुढं काय येतं. ते घरातल्या एका माणसाला मोठ्यानं सांगा. बहुतेक वेळा ते आजाराबद्दल नसतंच. ते एखाद्या माणसाबद्दल असतं, नाहीतर पैशाबद्दल, नाहीतर लोक काय म्हणतील याबद्दल. आणि त्यावर काहीतरी करता येतं.

दोन आठवडे झोप नीट नसेल, जेवण जात नसेल, हात धुणं किंवा ताप बघणं स्वतःला थांबवता येत नसेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर वाट बघू नका. जवळच्या डॉक्टरांकडे जा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. खेड्यातल्या बाईला शहरात यायला जमत नसेल तर घरच्यांनी तो नंबर तिच्या मोबाइलमध्ये आजच टाकून द्यावा.