झाकण बंद, पण लॅपटॉप जागाच

प्रश्न : रात्री काम आटोपलं की लॅपटॉपचं झाकण लावून तो बॅगेत टाकतो. सकाळी हिंगणा एमआयडीसीत पोचेपर्यंत बॅग तापलेली आणि बॅटरी अर्ध्यावर. जुन्या लॅपटॉपला असं कधी झालं नाही. बॅटरी बदलू का?
(धरमपेठेतील वाचक)

उत्तर : बॅटरीवर आत्ताच खर्च करू नका. दोन्ही लॅपटॉपच्या झोपेतच फरक असावा. जुन्यांत 'एस-३' झोप असे : प्रोसेसर, डिस्क, पंखा बंद, वीज फक्त रॅमला, तीही तिच्यातलं टिकवण्यापुरती. नव्या बऱ्याच लॅपटॉपांत तिच्या जागी 'मॉडर्न स्टँडबाय' आलं. त्यात यंत्र मोबाइलसारखं चालूच असतं, नुसतं मंदावलेलं. मधूनच मेल आणतं, अपडेट तपासतं. एखादा हट्टी ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) त्याला मंदावूच देत नसेल तर प्रोसेसर राबत राहतो, आणि बंद बॅगेत ती उष्णता जाणार कुठे?

खात्री करून घ्या. स्टार्टवर राइट क्लिक करून 'टर्मिनल (अ‍ॅडमिन)' उघडा. 'पॉवर' या इंग्रजी शब्दाला जोडून सी-एफ-जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून स्लॅश आणि ए, एवढं टाइप करून एंटर दाबा. यादीत 'एस-० लो पॉवर आयडल' उपलब्ध दिसलं की निदान झालं. त्याच कमांडमध्ये 'ए'ऐवजी 'स्लीपस्टडी' लिहिलं तर झोपेत कोणत्या भागाने वीज खाल्ली, त्याचा अहवाल तयार होतो.

यावर आमच्या मते एकच भरवशाचा उपाय आहे, हायबरनेट. रॅममधलं सगळं डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून यंत्र पूर्ण बंद होतं. उठायला काही सेकंद जास्त लागतात, आणि त्या फाइलसाठी साधारण रॅमच्या ४० टक्के जागा राखून ठेवली जाते, म्हणजे १६ जीबी रॅमला सुमारे साडेसहा जीबी. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काय करायचं, ते ठरवता येतं. तिथे हायबरनेट दिसत नसेल तर वरच्याच कमांडमध्ये 'स्लॅश ए'ऐवजी 'स्लॅश हायबरनेट', जागा, 'ऑन' लिहून चालवा.

बहुतेक जण चुकतात ते पुढे. तिथे दोन रकाने असतात : बॅटरीवर असताना आणि चार्जर लावलेला असताना. पहिलाच बदलला, चार्जर लावलेला असतानाच झाकण लावलं आणि मग पिन काढली, तर लॅपटॉप जुन्या हुकमाप्रमाणे साध्या झोपेतच जातो. दोन्ही रकान्यांत हायबरनेट ठेवा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ओलांडतो, म्हणून एक जास्तीची सूचना. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादाच ४५ अंशांच्या आसपास आहे. उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नका. लॅपटॉप बॅगेबाहेर काढून आधी गार होऊ द्या.

प्रश्न : दुकानातला डेस्कटॉप स्लीपवर ठेवून जातो. सकाळी येऊन बघावं तर तो सुरू! रात्री कोणी हात लावत नाही.
(महालमधील वाचक)

उत्तर : आल्या आल्या, दुसरं काही न करता, पहिल्या उत्तरातलीच कमांड 'स्लॅश ए'ऐवजी 'स्लॅश लास्टवेक' लिहून चालवा. शेवटी कोणी उठवलं, ते बहुधा कळतं. टायमर निघाला तर पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्लीपखालचे 'वेक टायमर्स' बंद करा. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात रात्री २ वाजताची ठरलेली असते. नेटवर्क कार्ड निघालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर संगणक उठवण्याची परवानगी काढा. माउसचीही काढा. कूलर रात्रभर चालू राहत असेल तर टेबलाच्या थरथरीनेही ऑप्टिकल माउस हलल्यासारखा होतो आणि यंत्र उठतं.

प्रश्न : लाइट जाऊन आली की डेस्कटॉप आपोआप सुरू होतो. बिघाड आहे का?
(वाचक, नंदनवन)

उत्तर : नाही. बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाचं सेटिंग 'पॉवर ऑन'वर असेल. ते 'पॉवर ऑफ' करा. मात्र यूपीएस नसेल तर एस-३ झोपेतलं, सेव्ह न केलेलं काम लाइट जाताच जातं. डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' चालू ठेवा, म्हणजे त्याची एक प्रत डिस्कवरही राहते.