तो व्हिडिओ पेजवर टाकण्याआधी

चि. बाळ,

तुझा मेसेज मिळाला, व्हिडिओही पाहिला. आठवीतल्या त्या पोराला तिघांनी क्लासच्या मागच्या बोळात गाठलं, उठाबशा काढायला लावल्या, दप्तर गटारीत टाकलं आणि वर हसत शूटिंग केलं. तुझा संताप खरा आहे. ‘नावं आणि शाळा टाकून पेजवर लावतो, अख्ख्या बेळगावला कळू दे’ असं लिहिलंयस. लावू नकोस. मात्र ‘प्रकरण वाढवू नका’ म्हणणाऱ्यांतला मी नव्हे, हे आधी ध्यानात घे.

तुझ्या घाईचं कारण मला कळतं की. शाळेत तक्रार गेली की दोन्हीकडच्या आईबापांना बोलावतात, चहा होतो, ‘पोरं आहेत, चुकतात’ म्हणून हात मिळवायला लावतात. मार खाल्लेल्याला कोणी विचारतच नाही. मारणाऱ्याचा बाप सोसायटीचा संचालक असला तर चहाबरोबर कुंदाही येतो. हे वर्षानुवर्षं बघितलेल्या पोरांच्या हाताशी शेवटी फोनच उरतो. तेव्हा दोष एकट्या तुमच्या पिढीचा नाही.

पण आपल्याच तालुक्यात डिसेंबर 2023 मध्ये काय झालं ते आठव. वंटमुरीत एका घरचा मुलगा मुलीला घेऊन गेला, म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं, मारलं. केलं कोणी, भोगलं कोणी! हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. मारणाऱ्यांवर कोर्ट संतापलंच, पण नुसतं बघत उभ्या राहिलेल्या गावालाही त्यानं सुनावलं. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल बेंटिंक याच्या काळी अख्ख्या गावावर बसवलेल्या दंडाचीही आठवण काढली. तुझं प्रकरण त्या पातळीचं नाही, कबूल. तरी चारचौघांत अब्रू काढायला निघालं की घाव भलत्यालाच बसतो, हे दोन्हीकडे सारखंच. त्या तिघांतल्या एकाची बहीण त्याच शाळेत सहावीला आहे, हे तूच लिहिलंयस. सोमवारी वर्गात तिच्याकडे कसं बघतील? आणि फॉरवर्ड करणारे हजारभर लोक कुठल्या हिशेबात येणार?

त्या आठवीतल्या पोराचा विचार तर तुझ्या मेसेजमध्ये मला कुठे दिसलाच नाही. रडत उठाबशा काढतानाचा त्याचा चेहरा तू न्याय म्हणून लावशील; दोन दिवसांत कोणीतरी त्याचं स्टिकर करील. चेहरा धूसर केला तरी युनिफॉर्मवरून शाळा कळते, आणि शाळा कळली की पोरगा कळतो. त्याला विचारलंस का तू?

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, जी पुण्या-साताऱ्याकडच्या पोरांना सांगून कळणार नाही. पहिल्या दहा कमेंटींतच कोणीतरी विचारणार, मारणारे कन्नड का मराठी? 2022 च्या नोव्हेंबरअखेर इथल्या एका कॉलेजच्या कार्यक्रमात कन्नड झेंडा घेऊन नाचणाऱ्या विद्यार्थ्याला मारहाण झाली. व्हिडिओ फिरला आणि संघटना रस्त्यावर आल्या. एकदा तसं झालं की पोरगं बाजूला राहतं आणि सीमाप्रश्न पुढे येतो. मारणाऱ्यांना तर बरंच की, आपल्या माणसाला वाचवायला म्हणून जमाव आयता मिळतो.

मे 2020 मध्ये गुरुग्रामला 17 वर्षांच्या एका मुलावर इन्स्टाग्रामवरून आरोप झाला आणि त्यानं जीव दिला. आरोपाची शहानिशा व्हायच्या आत. यावर मी जास्त लिहीत नाही.

आता कायदा. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे, मुलांच्या चौकशी-तपासाविषयी काहीही छापताना किंवा दाखवताना नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीच देता येत नाही. गुन्हा करणाऱ्या मुलाचं नाही, सोसणाऱ्याचं नाही, साक्षीदाराचंही नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझं पेज म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, पण कलमात ‘इतर संपर्कमाध्यमं’ही आहेत. त्या तिघांना समज मिळेल आणि तू आरोपी होशील, असला प्रकार मला बघायचा नाही.

‘मग त्यांना शिक्षाच नको का?’ हवी, आणि ती टोचायलाही हवी. बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात, त्यांत किमान एक बाई. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, आईबापांना दंड, आणि गरज पडलीच तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, म्हणजे मुलांचं सुधारगृह, एवढं त्यांच्या हातात असतं. फार घोर गुन्ह्यात सोळा पूर्ण झालेल्यांसाठी वेगळी वाट आहे, पण तुझी गोष्ट तिथवर जात नाही. पुढे ती नोंदही पुसली जावी असं कायदा म्हणतो. तुझ्या पोस्टला मात्र मुदत नाही. ती शिक्षा संपली असं सांगणारा कोणी नाही, आणि जास्त झाली तर जाब कोणाला विचारायचा?

मला विचारशील तर त्या तिघांनी दप्तर-पुस्तकं स्वतःच्या पैशानं भरून द्यावीत, बापाच्या नव्हे. सुट्टीत शाळेत काम करून फेडू देत. ज्या पोरांनी हसत बघितलं, त्यांच्यासमोर माफी मागावी, पण त्या मुलाची तयारी असेल तरच. त्याला त्यांचं तोंड बघायचं नसेल तर माफी लेखी. आणि वर्षभर क्लासची वेळ बदलायची ती त्यांनी, त्यानं नाही. (आपल्याकडे नेहमी मार खाणाराच क्लास सोडतो.)

व्हिडिओ जसा आहे तसा ठेव. काटछाट नको, आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नकोस. ज्यानं तुला पाठवला त्याचा मेसेज पुसू नकोस. आधी त्या पोराच्या आईला भेट, त्याच्याशीही बोल, त्यांची तयारी असली तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दोन प्रतींत द्यायचा, एकीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा. आठ दिवसांत हालचाल नाही झाली तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, आणि ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारायचं. असा एक प्रत्येक ठाण्यात असायलाच हवा. असल्या बाबतीत सहसा एफआयआर न होता डायरीत नोंद होते, त्यावरून तिथे भांडत बसू नकोस.

रविवारी दुपारी घरी ये, मसुदा करू. अर्ज कन्नडमध्येही लिहून ठेवतो, ते माझ्याकडे लागलं. भाषेवरून कागद परत आला तर भांडायला आपल्याला दुसरे शंभर दिवस आहेत, त्या पोराचा कागद त्यात अडकायला नको.

तुझा
वकीलकाका