गन सोडवायला, टॉर्क पाना आवळायला

वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी दुचाकी

प्रश्न : अर्ध्या इंची हवेची इम्पॅक्ट गन (ठोके मारत नट फिरवणारी) घेतली. खोक्यावर ६०० न्यूटन-मीटर छापलंय. घरी एक एचपीचा, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. तरी मागच्या चाकाचा ॲक्सल नट हलत नाही. गन चार-पाच सेकंद जोरात चालते आणि मग दमते. गन खराब निघाली का?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : गन बहुधा चांगली आहे, हवा कमी पडतेय. अशी गन ट्रिगर पूर्ण दाबून धरला की मिनिटाला २० घनफुटांच्या आसपास हवा ओढते, म्हणजे सेकंदाला ९ लिटरहून थोडी जास्त. माहितीपत्रकातला ४-५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हा आकडा थांबत थांबत वापरल्याची सरासरी असतो. तुमची टाकी साधारण ८ बारला भरून मोटर बंद होते आणि गनला लागतात ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआय. मधल्या १.८ बारात २४ लिटरची टाकी जेमतेम ४३ लिटर हवा देते. ती पाच सेकंदांत संपते. पुढे गन फिरते, पण ठोका बसत नाही.

म्हणून मोटर आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरू द्या, दोन-तीन सेकंदच ट्रिगर दाबा, पुन्हा भरू द्या. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक नळी काढा आणि आतून १० मिमी असलेली सरळ नळी लावा. प्रेशर गनजवळ, ट्रिगर दाबलेला असताना मोजा. ट्रिगर सोडलेला असताना काटा ९० पीएसआय दाखवतो आणि दाबल्यावर ६० वर येतो, तिथेच घोळ असतो. सॉकेट थेट गनवर बसवा, कारण लांब एक्स्टेन्शन आणि गुडघा जॉइंट ठोका खातात.

आता नटाकडे. आपल्याकडची काळी माती ॲक्सलच्या आट्यांत भरते, वाळून दगड होते आणि खाली गंज चढतो. आधी धुऊन तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करा, कॉटर पिन असेल तर काढा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. ॲक्सलचं दुसरं टोक पान्याने धरायलाच हवं, नाहीतर अख्खा ॲक्सल फिरतो आणि ठोका वाया जातो. गन क्षणभर आवळायच्या दिशेने द्या, मग उलटी करा. गंजाची पकड अशी लवकर तुटते. तीन-चार प्रयत्नांत हललं नाही तर गन ठेवा आणि लांब दांड्याचा पाना घ्या.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मोटर नुसती गुणगुणली आणि फिरली नाही, तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. कॉम्प्रेसर १६ अँपिअरच्या सॉकेटजवळच ठेवा. लांबवायची ती हवेची नळी, विजेची वायर नव्हे.

प्रश्न : ऑइल बदलताना गॅरेजमध्ये ड्रेन बोल्ट गननेच आवळला. पुढच्या वेळी बोल्टसोबत ॲल्युमिनियमचे आटेही बाहेर आले. गन कुठे वापरावी, कुठे नाही?
— एक वाचक, औसा

उत्तर : गन टॉर्क, म्हणजे आवळायचा पिळाचा जोर, मोजत नाही, ती फक्त ठोके मारत राहते. तिच्यावरचा १-२-३ आकडा हवेचा आहे, टॉर्कचा नाही. सर्वसाधारण बोल्टला किती लागतं ते पाहा : ६ मिमीला १०, ८ मिमीला २२, १० मिमीला ३५, १२ मिमीला ५५ न्यूटन-मीटर. ड्रेन बोल्ट १२ मिमीचा असला तरी ॲल्युमिनियममध्ये बसतो, म्हणून त्याला बहुतेक गाड्यांत २५-३० च पुरतं. नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. सर्वांत हलक्या सेटिंगलाही गन एका सेकंदात याच्या पुढे जाते. म्हणून गनने सोडवा. आवळताना बोल्ट हाताने तीन-चार आटे धरवा आणि शेवट टॉर्क पान्याने करा. ड्रेन बोल्ट, स्पार्क प्लग, हेड कव्हर, पुढच्या स्प्रॉकेटच्या पट्टीचे ६ मिमीचे बोल्ट इथे सोडवायलाही गन नको.

तुमच्या चेंबरला हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसतो. टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस लावून आटे पाडा म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो. नंतर थोडं स्वस्त ऑइल ओतून खालून वाहू द्या.

गनची खरी किंमत कळते ती स्वतःच फिरणाऱ्या भागांवर : मॅग्नेटचा नट, क्लचचा मधला नट, स्कूटरच्या व्हेरिएटरचा आणि क्लच बेलचा नट. भाग धरून ठेवणारा होल्डर नसला की लोक गिअरच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर अडकवतात आणि दात तुटतो. गनचा ठोका इतका झटपट असतो की जड भाग जागेवर राहतो आणि नट सुटतो. वॉशरची दुमडलेली कड आधी सरळ करा. मॅग्नेट नंतर पुलरनेच काढा. क्रँकच्या टोकावर हातोडी मारली की दाबून बसवलेला क्रँक वाकडा होतो आणि इंजिन थरथरू लागतं. बसवताना मात्र होल्डर आणि टॉर्क पाना हवाच. क्रँकचे आटे गेले तर क्रँकच बदलावा लागतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर गन मंद झाली. नळीतून पाणी उडतं.
— एक वाचक, परभणी

उत्तर : दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं. काम संपल्यावर टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडा. गनच्या आत पाती असतात. आतला भाग गंजला किंवा पाती चिकटली की जोर जातो. हवेच्या तोंडात हवेच्या टूल्सच्या पातळ ऑइलचे ४-५ थेंब टाका आणि दहा सेकंद मोकळी चालवा. वापराआधी आणि नंतर हीच सवय ठेवा. जाड इंजिन ऑइल नको, पाती आणखी चिकटतात.

प्रश्न : घरातले चकचकीत क्रोमचे सॉकेट गनला चालतील?
— एक वाचक, सेलू

उत्तर : नाही. ते ठोक्याने तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काळे, जाड, सहा कोनी इम्पॅक्ट सॉकेट घ्या. ८ ते २४ मिमीपर्यंतचा संच घरी पुरतो. सुरक्षा चष्मा लावूनच ट्रिगर दाबा.

प्रश्न : जुन्या आरएक्स १०० च्या इंजिन कव्हरचे स्क्रू घसरलेत. गनला बिट लावू का?
— एक वाचक, कन्नड

उत्तर : नको, डोकं पूर्ण जाईल. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. जपानी गाड्यांचे स्क्रू साध्या फिलिप्सचे नसून जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, म्हणून तीच बिट घ्या. बिट खाचेत बसवून एक सरळ ठोका द्या, म्हणजे आटे सैल होतील. मग ड्रायव्हर सोडवायच्या दिशेला वळवून घट्ट दाबून धरा आणि अर्ध्या-पाऊण किलोच्या हातोडीने दोन-तीन स्वच्छ ठोके मारा. बसवताना त्याच लांबीचे ॲलन बोल्ट टाका.