मुलगा ‘ऐकून शिकणारा’ निघाला!

प्रश्न: ताई, मुलगा नववीत आहे. ऑनलाइन टेस्टमधे आलं की तो ऐकून शिकणाऱ्यातला आहे, तेव्हापासून पुस्तक उघडतच नाही, सदा कानात इअरफोन. काय करू?
– एक आई, राजवाडा, इंदूर

उत्तर: अहो, ती टेस्ट फक्त आवड सांगते, पाहून, ऐकून, वाचून-लिहून की करून शिकायला आवडतं ते विचारणाऱ्या नील फ्लेमिंगच्या १९९२ च्या वार्क प्रश्नावलीसारखीच असणार. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त पक्कं होतं का, हे २००८ मधे पॅश्लर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी तपासलं तर धड पुरावाच मिळाला नाही. आणि भूमितीची आकृती नुसती ऐकून कशी कळणार हो! ऐकू दे त्याला धडा, पण मग इअरफोन काढून, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायला लावा, अडलं तिथेच पुस्तक उघडायचं, दोन दिवसांनी परत तेच. कुरकुर करेल, करू दे.